बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सी खरंच जातो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, राहणार सातारा जिल्हा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस सी निघाला आणि ऑपरेशन थांबलं. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ६ लाख ४० हजार आला. लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ८४ आणि एसजीपीटी ४९, रक्त गोठवणाऱ्या पेशी म्हणजे प्लेटलेट्स १ लाख १२ हजार. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, पित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल चालू आहे. दारू कधीच नाही. १९९३ साली मोटारसायकलचा अपघात झाला तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. ओळखीच्या औषध दुकानदाराने सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरचा तीन महिन्यांचा कोर्स आणून देतो असं सांगितलंय. मुलगी विचारते: हा आजार जन्माचा आहे का? या गोळ्या सुरू करू का? घरातल्यांना लागण होईल का? आणि शेजारच्या एका काकांना याच आजारात वर्षभर इंजेक्शनं देऊन हाल हाल झाले, तसं बाबांचं होईल का?

ताई, बाबांच्या रक्तातला विषाणू जवळजवळ नक्की जाईल. इंजेक्शनांची गरज नाही. पण दुकानदाराने सांगितलेल्या गोळ्या उद्या सुरू करू नका. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत एक गोष्ट दिसतेय, ती कोणी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, आणि तिच्यावरच कोणत्या गोळ्या द्यायच्या हे ठरतं.

शेजारच्या काकांचं आधी सांगतो, कारण ती भीती घेऊन बसलेली माणसं मी आजही ओपीडीत बघतो. त्यांना इंटरफेरॉन दिलं असणार. आठवड्याला एक इंजेक्शन आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या, विषाणूच्या प्रकाराप्रमाणे २४ किंवा ४८ आठवडे. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप, मग दोन दिवस अंग मोडून येणं. केस गळायचे, वजन उतरायचं, पांढऱ्या पेशी खाली यायच्या, रिबाविरिनने हिमोग्लोबिन घसरायचं. सर्वांत वाईट म्हणजे मन खचायचं. हसतीखेळती माणसं तिसऱ्या महिन्यात घरात कोणाशी बोलेनाशी व्हायची. माझा एक पेशंट नांदेडहून रात्रीच्या एसटीने थर्मासमध्ये बर्फ भरून इंजेक्शन घेऊन यायचा, कारण गावात फ्रिजचा भरवसा नव्हता. एवढं सोसूनही प्रकार १ च्या विषाणूत निम्म्याहून थोडे कमीच बरे व्हायचे. प्रकार ३ मध्ये प्रमाण बरं होतं, तरी चारातला एखादा तसाच राहायचा. आणि ज्यांचं लिव्हर खरोखर खराब झालेलं, ज्यांना औषधाची सर्वांत जास्त गरज, त्यांना इंटरफेरॉन देताच येत नसे. ते दिवस आता गेले.

बदल झाला तो २०१३ च्या डिसेंबरात, अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली तेव्हा. हा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढत राहतो. त्या नकला काढणारं एक एन्झाइम असतं. सोफोसबुविर त्या एन्झाइमला खोटा सुटा भाग पुरवतं. तो भाग साखळीत बसला की साखळी तिथेच तुटते. डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर विषाणूच्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरतात, ज्याच्याशिवाय त्याला नक्कलही काढता येत नाही आणि नवा विषाणू जुळवताही येत नाही. दोन्हीकडून एकाच वेळी कोंडी केली की तो संपतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात दडून बसतो, एचआयव्ही तर आपल्या जनुकांतच घुसतो, म्हणून त्या दोघांची औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. सीला अशी लपायला जागा नाही. नकला थांबल्या की काही आठवड्यांत त्याचं नामोनिशाण उरत नाही. म्हणून 'जन्माचा आजार' हे सीच्या बाबतीत खरं नाही.

किमतीचं ऐकून तुम्ही घाबरला असाल तर तेही सांगतो. अमेरिकेत सोफोसबुविरच्या बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत सुरुवातीला ८४ हजार डॉलर होती, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या सात कंपन्यांना ती बनवायचे परवाने दिले आणि २०१५ मध्ये इथली गोळी बाजारात आली. तेव्हा २८ गोळ्यांची बाटली वीस हजारांच्या आसपास होती, मग स्पर्धेने किंमत उतरत गेली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करा. बाहेरून विकत आणण्याआधी तिथे जा असं मी आग्रहाने सांगतोय. पैसे वाचतील हे तर खरंच, पण तिथे गोळी हातात देण्याआधी लिव्हरची अवस्था बघतात. दुकानदार ती बघत नाही.

आता ती गोष्ट. एसजीपीटी ४९ बघून तुम्हाला कोणीतरी 'थोडंच वाढलंय' असं सांगितलं असेल. सी मध्ये एसजीपीटीवर विसंबू नये. लिव्हर वीस-तीस वर्षं धुमसत असतानाही तो आकडा चाळिशी-पन्नाशीत रेंगाळू शकतो. त्यापेक्षा हे बघा. वय ६१ ला एसजीओटी ८४ ने गुणा: ५१२४. एसजीपीटी ४९ चं वर्गमूळ ७. प्लेटलेट्स हजारांत ११२, त्याला ७ ने गुणा: ७८४. आता ५१२४ ला ७८४ ने भागा. उत्तर येतं साडेसहा. या आकड्याला फिब-४ म्हणतात. तो सव्वातीनच्या वर गेला की लिव्हरमध्ये बरेच व्रण झाले आहेत, कदाचित सिऱ्होसिस आहे, म्हणजे व्रणांनी लिव्हर कडक झालं आहे, असं धरून चालावं लागतं. एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा जास्त असणं आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली असणं, हेही त्याच दिशेला बोट दाखवतात. लिव्हर कडक झालं की रक्त प्लीहेत तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स स्वतःत अडकवून ठेवते. म्हणून लिव्हरच्या आजाराची पहिली चाहूल पुष्कळदा सीबीसीच्या साध्या कागदावर असते आणि तिथे कोणाचं लक्ष जात नाही.

हे वाचून घाबरू नका. बाबांना पोटात पाणी नाही, कावीळ नाही, रक्ताची उलटी नाही, भान हरपलेलं नाही. म्हणजे सिऱ्होसिस असलाच तरी लिव्हर अजून आपलं काम निभावतंय. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्या, लिव्हर कसं काम करतंय ते सांगणाऱ्या बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर या रक्ताच्या तपासण्या बघा, नीट सोनोग्राफी करा. प्लेटलेट्स इतक्या कमी आहेत म्हणून एकदा एंडोस्कोपीही लागेल. अन्ननलिकेत शिरा फुगल्या असतील तर त्या फुटण्याआधी औषधाने किंवा रबर बँड लावून आवरता येतात.

सिऱ्होसिस नसेल तर राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, बारा आठवडे. दुकानदाराने सांगितलं ते हेच. पण सिऱ्होसिस असेल आणि लिव्हर निभावत असेल तर सोफोसबुविर ४०० आणि वेल्पाटासविर १०० ही एकत्र गोळी, रोज एक, बारा आठवडे. लिव्हर ढासळलेलं असेल तर त्यासोबत रिबाविरिन, किंवा रिबाविरिन झेपत नसेल तर तीच गोळी २४ आठवडे. भारतात सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार ३, आणि सिऱ्होसिस झालेल्या माणसात तो जरा चिवट असतो. सिऱ्होसिस नसलेल्यांत शंभरातले पंच्याण्णवाहून जास्त बरे होतात. सिऱ्होसिसमध्ये चुकीची जोडी किंवा कमी दिवस दिले तर हे प्रमाण घसरतं, आणि एकदा औषध निकामी झालं की उरलेला विषाणू त्या गोळीला सरावलेला असतो. दुसऱ्यांदा बरं करता येतं, पण लांबचं मोठं केंद्र गाठावं लागतं. आज एक आठवडा थांबून तपासणी करणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. तीस वर्षं थांबलेला आजार आठवड्याने काही बिघडवत नाही.

आता बाबांच्या बाकीच्या गोळ्या. पॅन्टोप्राझोलचं तुम्ही सहज लिहिलंत, पण ते फार महत्त्वाचं आहे. वेल्पाटासविर पोटातल्या आम्लात विरघळतं. आम्ल मारणारी गोळी रोज घेतली तर औषध अंगात कमी उतरतं. पित्ताची ही गोळी आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं सवयीने घेतात. डॉक्टरांना विचारून ते तीन महिने ती बंद ठेवता आली तर उत्तम. फारच त्रास होत असेल तर वेळा कशा सांभाळायच्या ते डॉक्टर सांगतील. फिटची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, टीबीची रिफॅम्पिसिन, यांपैकी काही चालू असेल तर ते आधीच सांगा. त्यांनी हे औषध जवळजवळ निष्प्रभ होतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन चालू असताना सोफोसबुविर दिलं तर ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा डोस बदलावा लागतो. म्हणून दवाखान्यात जाताना चिठ्ठीवर नावं लिहून नेऊ नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत भरून न्या. आयुर्वेदिक चूर्णाची बाटलीसुद्धा.

विषाणू जाऊ लागला की पुष्कळांची साखर सुधारते. ऐकायला छान वाटतं, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती अचानक फार खाली येऊ शकते. पहिला महिना आठवड्यातून दोनदा तरी साखर बघा. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधी झालीच पाहिजे. दोन्ही विषाणू अंगात असतील तर सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. ही एक तपासणी राहून गेल्यामुळे औषध चालू असताना कावीळ झालेला रुग्ण मी पाहिला आहे.

गोळी घेणं मात्र अगदी सोपं आहे. रोज ठरावीक वेळेला एक. थोडं डोकं दुखणं, थोडा थकवा, यापलीकडे बहुतेकांना काही होत नाही. बाटली ओली होऊ देऊ नका, आत ओल शोषणारी पुडी असते ती काढून टाकू नका. माझे पेशंट भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक खूण करतात. तीन बाटल्या, ८४ खुणा. मधली बाटली संपत आली की पुढची आणायला आठवडाभर आधी जा. सणवार, लग्न, ऊसतोडणी, काहीही असो, गोळीत खंड पडता कामा नये. औषध हरतं ते बहुतेक वेळा इथेच.

खाण्याचं बोलतो, कारण 'पांढरी कावीळ' हे नाव कानावर पडलं की आपल्या घरांत हळद बंद, तेल बंद, वरण पातळ आणि उसाचा रस सुरू होतो. बाबांना मधुमेह आहे, उसाचा रस त्यांना विष आहे. हळदीच्या फोडणीने लिव्हरला काही होत नाही. सिऱ्होसिसच्या माणसाला उलट जास्त प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडी आणि मासे. रात्री लवकर जेवून सकाळपर्यंत पोट रिकामं ठेवू नका. झोपण्याआधी वाटीभर दूध किंवा भाकरीचा चतकोर खाऊ द्या, नाहीतर लिव्हर रात्रभर स्नायूंतूनच इंधन ओढत राहतं. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. लोक ज्या पॅरासिटामॉलला घाबरतात, तीच दिवसाला दोन ग्रॅमच्या आत त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित आहे.

कोणीतरी तुम्हाला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन जायला सांगेल. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पिवळं पाणी पडतं, गळ्यातली माळ वाढत जाते. पाण्यातून होणारी ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, त्यामुळे त्याचं श्रेय माळेला मिळतं. सी मध्ये वर्षानुवर्षं कावीळ दिसतच नाही, दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. काढेही नकोत. कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण यकृततज्ज्ञांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. तो वाद आपण बाजूला ठेवू. पण आधीच व्रण झालेल्या लिव्हरवर असा प्रयोग कोणी करू नये, हे मी ठामपणे सांगतो.

हे बाबांना आलं कुठून? बहुधा त्या दोन बाटल्यांतून. हा विषाणू सापडलाच मुळी १९८९ साली. आपल्या देशात रक्तदात्याच्या रक्ताची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ च्या सुमारास. १९९३ मध्ये पैसे घेऊन रक्त विकणारेही सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं. त्या काळी उकळलेली काचेची सिरिंज रांगेतल्या सगळ्यांना वापरत, तेही कारण असू शकतं. बाबांनी काही वावगं केलेलं नाही. त्यांना हे तुम्ही स्वतः, समोर बसून सांगा. आमच्याकडे येणारे कितीतरी वडीलधारे मुलासुनेसमोर मान वर करत नाहीत, कारण त्यांना वाटतं की लोक भलताच अर्थ काढतील.

घरात ताट-वाटी वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने, एक संडास वापरल्याने सी पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. म्हणून दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं. आणि आणखी एक वस्तू, जिचा विचार कोणी करत नाही: साखर तपासायच्या मशीनची सुई. आई-वडील दोघांनाही मधुमेह असला की एकाच पेनमधून, पुष्कळदा एकाच सुईने दोघांची बोटं टोचली जातात. आजपासून पेनही वेगळं, सुईही प्रत्येक वेळी नवी. आईची आणि तुम्हा भावंडांची एकदा अँटिबॉडी तपासणी करून घ्या. निगेटिव्ह आली की विषय संपला. नवरा-बायकोत याची लागण फार क्वचित होते.

मोतीबिंदूसाठी बारा आठवडे थांबायचं कारण नाही. प्रत्येक ऑपरेशनमध्ये प्रत्येक रुग्णाच्या रक्ताबाबत जी काळजी घ्यायची असते तीच इथे पुरते. एका डॉक्टरांनी नकार दिला तर दुसरीकडे जा. दिसत नसलेल्या माणसाला गोळ्यांची पाकिटं ओळखायला लावणं बरोबर नाही.

शेवटची गोळी संपली की बहुतेक जण यायचं थांबतात. कृपा करून तसं करू नका. समजा १ जूनला पहिली गोळी घेतली, तर ८४ वी येते २३ ऑगस्टला. त्यानंतर पुन्हा बारा आठवडे मोजा: १५ नोव्हेंबर. त्या दिवशी किंवा त्यानंतर व्हायरल लोड तपासायचा. तो शून्य आला तरच बाबा बरे झाले असं म्हणायचं. गोळ्या चालू असताना आलेला शून्य पुरेसा नाही, औषधाच्या दाबाखाली विषाणू गप्प असतो.

आणि सिऱ्होसिस निघाला तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. औषध विषाणू मारतं. जुने व्रण हळूहळू थोडे भरून येतात, पण सगळे पुसले जात नाहीत, आणि त्या व्रणांत कॅन्सरची शक्यता पुष्कळ कमी होऊनही उरते. नगरकडचे माझे एक पेशंट, ऊस-कांदा करणारे, शून्याचा रिपोर्ट घेऊन पेढे वाटून गेले. नंतर तीन वर्षं आले नाहीत. आले ते पोटात दुखतंय म्हणून, तेव्हा गाठ सात सेंटिमीटरची होती. सहा महिन्यांची एक सोनोग्राफी झाली असती तर ती दोन सेंटिमीटरची असताना सापडली असती आणि जाळून टाकता आली असती. त्यांचा विचार मनात आल्याशिवाय मी अजून कोणाला बरं झाल्याचं सांगत नाही.

एक सूचना राहिली. अँटिबॉडीची तपासणी बाबांची पुढेही पॉझिटिव्हच येणार, विषाणू गेला तरी. त्यांनी रक्तदान करायचं नाही. उद्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन असो की दाढ काढायची असो, कोणीतरी तो रिपोर्ट बघून पुन्हा घाबरवेल. तेव्हा १५ नोव्हेंबरचा व्हायरल लोडचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा, आणि त्याचा एक फोटो आईच्या मोबाइलमध्येही राहू द्या.